चंदीगडचं हायकोर्ट: कुणी आतून पाहिलंय का?

कोबावाला

मंडळी, चंदीगडला जाणाऱ्यांच्या यादीत रॉक गार्डन, सुखना तलाव आणि गुलाबांची बाग ही नावं ठरलेली. त्या रॉक गार्डनच्या शेजारीच, सेक्टर १ मध्ये, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाची इमारत आहे आणि ती रीतसर माणूस सोबत देऊन दाखवतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. लेक मोहालीला असते, त्यामुळे मुक्काम निवांत होता. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. इमारत दिसली की आधी छप्पर बघायचं आणि मग ओल कुठे आलीय ते शोधायचं, ही खोड काही जात नाही. तेव्हा कलासमीक्षेची अपेक्षा ठेवू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. फाळणीत लाहोर गेलं, तसं तिथलं हायकोर्टही गेलं. पूर्व पंजाबचं नवं हायकोर्ट १९४७ मध्ये सिमल्याला पीटरहॉफ नावाच्या बंगल्यात बसवलं. नव्या राजधानीचं, म्हणजे चंदीगडचं, काम सुरुवातीला अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या वास्तुविशारदांकडे होतं. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला आणि पुढे हे काम फ्रान्समधला नामवंत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए याच्याकडे आलं. सोबत त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि इंग्लंडहून आलेलं मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे जोडपं. हायकोर्ट, सचिवालय आणि विधानसभा या तिन्हींत आधी उभं राहिलं ते हायकोर्ट. जानेवारी १९५५ मध्ये इथे कामकाज सुरू झालं आणि १९ मार्चला नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. तेव्हा हरियाणा नव्हताच. १९६६ मध्ये राज्यं वेगळी झाली, हायकोर्ट मात्र दोघांचं एकच राहिलं.

आता छपराकडे येतो. या इमारतीला छपरं दोन आहेत. खालचं नेहमीचं, दालनांवरचं. त्याच्या वर बरंच अंतर सोडून आणखी एक प्रचंड छप्पर, कडेला वर वर उचलत गेलेलं, खालून कमानींचं. उन्हाळ्यात गच्चीवर मांडव घातला की खालच्या खोल्या कशा थंड राहतात, तोच हिशोब, फक्त काँक्रीटमध्ये. ऊन वरचं छप्पर झेलतं, मधून वारा वाहतो, खालचा स्लॅब तापत नाही. खात्यात आम्ही गच्चीवर चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, घालून जे साधायचा प्रयत्न करायचो, ते या माणसाने अख्खी इमारत छत्रीखाली घालून केलं. खर्चाचं विचारू नका.

दर्शनी बाजूला काँक्रीटच्या उभ्या-आडव्या फळ्यांची खोल जाळी आहे. काच त्या जाळीच्या मागे, आत सरकवलेली. मधोमध, थेट वरच्या छपरापर्यंत गेलेले तीन अजस्र स्तंभ. एक हिरवा, एक पिवळा, एक लाल. हे रंग मुळापासूनचे नाहीत, नंतर दिलेले आहेत, पण ल कॉर्ब्युझिएच्याच हयातीत आणि त्याच्याच सांगण्याने. या तीन स्तंभांमधून कुणीही आत जातं. दार नाही, फाटक नाही. म्हणजे मूळ कल्पनेत तरी नव्हतं. मागे वर चढत जाणारा रॅम्प आहे, दोन्ही बाजूंनी उघडा. वकील, पक्षकार, फायलींचे गठ्ठे घेतलेले कारकून, सगळे त्यावरून वर-खाली करत असतात. जिन्यापेक्षा रॅम्पवर माणूस आपोआप हळू चालतो आणि चालता चालता बोलतो. अर्ध्या तडजोडी तिथेच होत असणार, असं उगाच वाटून गेलं.

काँक्रीट उघडंच आहे, गिलावा नाही. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे जिथल्या तिथे. काही ठिकाणी सांधे वाकडे आहेत, काही ठिकाणी खडी उघडी पडलीय. आमच्या काळात असं काम बिलाला आलं असतं तर मी ठेकेदाराला उभा केला असता. पण हे सगळं बांबूच्या परांच्यांवर, घमेली डोक्यावरून वाहणाऱ्या बायकांच्या आणि गड्यांच्या हातून झालंय. सत्तर वर्षांनंतर ते ठसे बघताना चूक शोधण्यापेक्षा काम कुठे थांबवलं, दुसऱ्या दिवशी कुठून पुढे नेलं, हे शोधण्यात वेळ कसा गेला कळलं नाही.

जुलै २०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्ब्युझिएच्या सात देशांतल्या सतरा कामांना एकत्र जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हायकोर्ट, सचिवालय आणि विधानसभा यांचं हे संकुल आहे. पण इमारत टिकलीय त्याचं श्रेय मी त्या पाटीला देणार नाही. रोज तिथे कोर्ट भरतं म्हणून ती टिकलीय. गळती लागली तर त्याच दिवशी तक्रार जाते. कुलूप लावून ठेवलेल्या इमारतींचं काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

कुणी आतली दालनं नीट पाहिली असतील तर लिहा. मला एकच ओझरतं बघायला मिळालं.

पागोळी

मस्त लिहिलंय काका. फोटो दिसत नाहीयेत. टाकले होते का?

आणि एक प्रश्न. बघायला जायचं तर आधी परवानगी काढावी लागते का?

कोबावाला

फोटो मुद्दामच टाकले नाहीत. काही ठिकाणी काढू देतात, काही ठिकाणी नाही, आणि पोलिसाशी हुज्जत घालायचं माझं वय राहिलं नाही.

संकुल दाखवण्याची सोय चंदीगड पर्यटन विभागाची आहे. सेक्टर १ मध्येच त्यांचं माहिती केंद्र आहे, तिथे ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं. ठरावीक वेळांना गट करून नेतात. आधार जवळ ठेवा. परदेशी पाहुणे सोबत असतील तर त्यांचा पासपोर्ट लागतो. कोर्टाच्या आत किती जाता येईल हे त्या दिवशीच्या कामकाजावर आणि बंदोबस्तावर असतं.

खडूस_पेठकर

लेख चांगला, इमारत रद्दी. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व.

करड्या काँक्रीटचा ठोकळा, त्याला तीन रंगीत खांब. याला सौंदर्य म्हणायचं तर आमच्या पेठेतलं वाहनतळही जागतिक वारसा आहे. मुंबईचं हायकोर्ट बघा. १८७८ चं काम, कर्नल फुलरचं. काळा दगड, मनोरे, गोल जिने, आणि खांबावर कोरलेलं ते एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड! न्यायव्यवस्थेवरची टीका न्यायालयाच्याच भिंतीवर. असलं काही आहे का तुमच्या चंदीगडात?

जेजेवाली

पेठकर, मुंबई हायकोर्टाबद्दल दुमत नाही. पण ते ज्या राज्याने बांधलं त्याला आपला दरारा दाखवायचा होता. पायऱ्या चढतानाच माणसाने दबून जावं ही योजना होती. चंदीगडला नेमकं उलट हवं होतं. नुकतंच घरदार गमावून आलेल्या लाखो लोकांचं राज्य, राजधानीच नाही, आणि त्यांच्यासाठी बांधलेलं कोर्ट असं की आत जायला दार ओलांडावं लागत नाही. त्या तीन स्तंभांखालून शेतकरीही त्याच वाटेने जातो आणि सीनियर कौन्सिलही. (न्यायमूर्तींचं प्रवेशद्वार मात्र वेगळं आहे. तेवढी लोकशाही १९५५ मध्येही नव्हती.)

आता कोबावाला काकांच्या छपराबद्दल थोडं. काका, तत्त्व तुम्ही बरोबर सांगितलंत, पण जाळीच्या बाबतीत गंमत आहे. दर्शनी भाग वायव्येला, विधानसभेच्या दिशेला तोंड करून आहे. म्हणजे उन्हाळ्यातली दुपारनंतरची तिरपी किरणं थेट समोरून. ती अडवायला खोल फळ्या हव्यातच. पण काँक्रीट स्वतः तापतं आणि ती उष्णता संध्याकाळी हळूहळू सोडत बसतं. म्हणजे ऊन अडलं, धग अडली नाही. विद्यार्थी असताना आमच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि वर्गातल्या निम्म्या भक्तांचे चेहरे पडले होते. माझाही त्यातच.

तरीही मला ती इमारत थोर वाटते. हवामान हाच मुद्दा धरून सरकारी इमारत उभी करायची, हे तेव्हा इथे कुणी इतक्या धाडसाने केलं नव्हतं.

आणि आपल्याकडच्या लोकांसाठी एक धागा: बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७. शिकले जे. जे. मध्ये. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात होते, तिथे चंदीगडच्या नकाशांवर काम केलं. पुढे अहमदाबादला त्याच्या इमारतींची देखरेख केली आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय झाले. पेठकरांना पुण्याचा मुद्दा तरी पटावा.

खडूस_पेठकर

दोशी पुण्यात जन्मले हे ठाऊक आहे. पुण्यात जन्मलेल्या माणसाचं सगळंच आवडावं असा ठराव आमच्याकडे अजून झालेला नाही.

काळा_कोट

मी मुंबईत प्रॅक्टिस करतो, पण एका मॅटरसाठी चंदीगडला बऱ्याचदा उभा राहिलोय. त्यामुळे दालनं आतून पाहिली आहेत, पर्यटक म्हणून नाही तर घाम पुसत.

मूळ रचनेत नऊ दालनं होती. एक मोठं, मुख्य न्यायमूर्तींचं, आणि आठ लहान. मोठं एका बाजूला, आठ ओळीने दुसऱ्या बाजूला, आणि मधे ते रंगीत स्तंभ. आज मंजूर न्यायमूर्तींची संख्या ८५ आहे. नऊ दालनांच्या घरात ८५ माणसं कशी बसवणार? म्हणून मागे इमारती वाढत गेल्या. टूरवाले समोरूनच दाखवतात, कारण ल कॉर्ब्युझिए समोर आहे. खरं हायकोर्ट, म्हणजे टायपिस्ट, झेरॉक्स, चहा, पार्किंगची मारामारी, ते सगळं मागे आहे.

दालनांत पाहण्यासारखी वस्तू म्हणजे भिंतीवरचे विणलेले पट. त्याने स्वतः चित्रं काढून दिली, विणकाम काश्मीरमध्ये झालं. मोठ्या दालनातला पट १४४ चौरस मीटरचा, बाकीचे ६४ चौरस मीटरचे. सूर्य, ढग, वीज, साप, तराजू, उघडा हात अशी चिन्हं. लोक त्यांना सजावट समजतात. ते आवाजाचं औषध आहे. उघडं काँक्रीट, उंच छत आणि काच असली की शब्द भिंतीवर आपटून परत येतो. न्यायमूर्तींनी काय विचारलं तेच ऐकू येत नाही. लोकरीचा जाड पट आवाज पितो.

गंमत म्हणजे काही न्यायमूर्तींना ती चित्रं मुळीच रुचली नव्हती. न्यायासनामागे हे काय बालवाडीचं काम, असा सूर होता. प्रकरण नेहरूंपर्यंत गेलं.

मला स्वतःला विचाराल, तर लाल-पिवळ्या चौकोनांसमोर उभं राहून जामिनावर बोलताना पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. नंतर लक्षात आलं की आवाज न चढवता बोलता येतंय. आमच्या इथे जुन्या दालनांत पंखे, बाहेरची रहदारी आणि प्रतिपक्षाचा वकील या तिघांवर मात करावी लागते.

पागोळी

पटांचं माहीत नव्हतं! एवढं मोठं एकसंध विणलं?

जेजेवाली

नाही, पट्ट्या पट्ट्या विणून जोडलेत. जवळून सांधे दिसतात. आणि ६४ म्हणजे आठ गुणिले आठ, १४४ म्हणजे बारा गुणिले बारा. भिंतीचं माप आणि पटाचं माप एकमेकांना धरून काढलंय. नंतर आणून लटकवलेली ती वस्तू नव्हे. म्हणूनच तो काढला तर नुसती भिंत मोकळी होत नाही, दालन बिघडतं.

मोहालीकर_बंड्या

दहा मिनिटांवर राहतो, त्यामुळे माझं थोडं वेगळं ऐका.

एक, ते मधलं पटांगण. हायकोर्ट आणि विधानसभा समोरासमोर, मधे साधारण ४०० मीटर नुसतं काँक्रीट. नकाशावर झकास दिसतं. मे महिन्यात चालून दाखवा. झाड नाही, सावली नाही. छपरावर छप्पर घालणाऱ्या माणसाला चालणाऱ्याच्या डोक्याची काळजी वाटू नये, याचं मला नवल वाटतं.

दोन, तिथे लोकच नसतात. १९९५ मध्ये सचिवालयाच्या दारात स्फोट घडवून मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या झाली. बंदोबस्त आधीपासून होताच, त्यानंतर तर तारा, अडथळे, चौक्या कायमच्या झाल्या. त्यात पंजाबचे पोलीस वेगळे, हरियाणाचे वेगळे, चंदीगडचे वेगळे, शिवाय केंद्राचे जवान. लोकांनी जमावं म्हणून केलेला, 'उघडा हात' या शिल्पाचा खड्डेवजा चौक आहे तिथे. तो २६ मीटरचा हात १९८५ मध्ये उभा राहिला, ल कॉर्ब्युझिए गेल्यावर वीस वर्षांनी. वाऱ्याबरोबर फिरतो. बघायला मात्र ओळखपत्र घेऊन गटाने जायचं.

तीन, पार्किंग. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाकडच्या रस्त्यासाठी आणि पार्किंगसाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडला. नेकचंदने भंगारातून उभं केलेलं ते काम. शहरात केवढी आरडाओरड झाली! एका वारशाच्या गाड्या लावायला दुसऱ्या वारशाची भिंत पाडली.

विदर्भवाला

+१ बंड्याला.

आमच्या नागपूर खंडपीठाची इमारतही बघा कधी. १९४० ची, ब्रिटिश वास्तुविशारद मेड यांनी आखलेली. घुमट, लांब व्हरांडे, उंच छत. मे महिन्याचं मला सांगू नका, आम्ही नागपूरचे. त्या व्हरांड्यात पक्षकार दिवसभर बसून डबा खातात, कुणी हटकत नाही. नव्या जमान्याच्या इमारतीत ऊन-पावसात उभं राहायची सोय नाही, हे ऐकून मौज वाटली.

काळा_कोट

विदर्भवाल्यांनी नकळत दुखऱ्या जागी बोट ठेवलं. चंदीगडला सध्याचं भांडण व्हरांड्यावरूनच झालं.

दालन क्रमांक २ ते ९ समोर व्हरांडा आहे. क्रमांक १, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासमोर नव्हता. पाऊस तिरपा आला की तिथे उभे असलेले वकील-पक्षकार भिजतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने आदेश दिला की तिथेही व्हरांडा बांधा. चंदीगड प्रशासनाने हरकत घेतली, की हा जागतिक वारसा आहे, दर्शनी भागाला हात लावला तर मान्यता धोक्यात येईल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२५ मध्ये तिथे हायकोर्टाचा आदेश कायम झाला. मोकळ्या जागेत पार्किंगसाठी हिरवे पेव्हर (मधून गवत उगवू देणाऱ्या फरशा) बसवण्याचंही त्यातच होतं.

आता याच्या शेजारी जानेवारी २०२३ चा निकाल ठेवा. चंदीगडच्या जुन्या सेक्टरांतली एकेका कुटुंबाची घरं मजल्यामजल्याने तोडून विकण्याला सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला, ल कॉर्ब्युझिएच्या शहराचं रूप राखायचं म्हणून. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती गवईंनी, आपल्या अमरावतीचे. घरमालकाला वारसा आडवा आला, हायकोर्टाला आला नाही, असं माझे तिथले मित्र चहा पिताना म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न वेगळे आहेत हे मलाही कळतं. पण चहा पिताना कायदा कुठे आठवतो!

जेजेवाली

या निकालाने मला खरंच वाईट वाटलं. सरळ सांगते.

त्या दर्शनी भागात एक लय आहे. आठ दालनं, मग स्तंभांची पोकळी, मग एक मोठं दालन. लहान, लहान, लहान, श्वास, मोठं. मोठ्या दालनासमोर छज्जा ओढलात की ते मोठेपण झाकलं जातं. आठांसमोर आधीच आहे म्हणून नवव्यासमोरही घाला, हा युक्तिवाद मला समजत नाही. एका जागी ठिगळ आहे म्हणून दुसरीकडेही लावायचं?

आणि युनेस्कोचं म्हणाल, तर बदलाला बंदी नसते. त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा १७२ वा परिच्छेद म्हणतो की मोठी दुरुस्ती किंवा नवं बांधकाम असेल तर निर्णय पक्का होण्याआधी कळवा. आधी कळवा, परिणाम तपासा, मग ठरवा. इथे आधी ठरलं.

कोबावाला

ताई, तुमचा मुद्दा समजतो, पण मी व्हरांड्याच्या बाजूने आहे. का ते सांगतो.

या इमारतीचा सगळा दावा हवामानावर आहे. दोन छपरं का? उन्हासाठी. फळ्यांची जाळी का? उन्हासाठी. मग ज्या इमारतीने स्वतःच हवामानाची परीक्षा मागून घेतली, तिला पावसाच्या पेपरात नापास झाल्यावर ग्रेस मार्क का द्यायचे? छप्पर जितकं उंच, तितका झडीचा पाऊस आत. हे आमच्याकडे पडवी बांधणारा गवंडीही सांगेल. कोकणात कुणी एवढ्या उंचीवर छप्पर ठेवून खाली भिंत उघडी सोडत नाही.

दुसरं असं की, ती इमारत वस्तुसंग्रहालय नाही. जिंदहून, फाजिल्काहून पहाटेची बस धरून आलेला माणूस तारखेला उभा असतो. त्याच्या डोक्यावर थेंब पडू नये म्हणून चार मीटरचा आडोसा मागितला तर लय बिघडते?

मात्र एक अट. जे बांधायचं ते जुन्या काँक्रीटला न टेकता उभं करा. स्वतंत्र पाये, हलका सांगाडा, जुन्या भिंतीत एकही भोक नाही. उद्या कुणाला नको वाटलं तर नटबोल्ट काढून नेता आलं पाहिजे. आणि त्याला उघड्या काँक्रीटचं सोंग देऊ नका. नवं आहे ते नवं दिसू द्या.

जेजेवाली

अटीवर सही करते. व्हरांड्यावर नाही. :)

खडूस_पेठकर

कोबावाल्यांशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण मग मुळात प्रश्न उरतोच ना, की कोर्ट तिथे मावतच नसेल तर कोर्ट हलवा. मुंबईचं नाही का वांद्र्याला जातंय? जुनी इमारत मग निवांत दाखवा लोकांना.

मोहालीकर_बंड्या

चंदीगडच्याच कडेला असलेल्या सारंगपूरला जागा देण्याची चर्चा झाली आहे. वकिलांत दोन तट. ज्यांची चेंबर्स मागे आहेत त्यांना हलायचं नाही, नव्यांना जागाच नाही म्हणून त्यांना हलायचंय.

कोबावाला

पेठकर, "जुनी इमारत मग निवांत दाखवा" या एका वाक्याची मला धास्ती आहे. कोर्ट गेलं की मंजूर निधी जातो, चौकीदार उरतो. पुढे छपरावर पिंपळ. निदान काही दालनं, मुख्य न्यायमूर्तींचं तरी, तिथेच चालती ठेवावीत.

भंगारप्रेमी

धागा उशिरा वाचला. फर्निचरचा विषय कुणी कसा काढला नाही?

या सगळ्या सरकारी इमारतींसाठी पिएर जानरे आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी खुर्च्या, टेबलं, कपाटं आखली. सागवान आणि वेताचं विणकाम. ते तिरपे पाय बघितले की लगेच ओळखू येतात. वर्षानुवर्षं वापरून मोडली, मग सरकारी पद्धतीप्रमाणे निर्लेखन (म्हणजे कागदोपत्री बाद ठरवणं), लिलाव, गच्चीवर ढीग. परदेशी व्यापाऱ्यांनी ती भंगाराच्या भावात उचलली, नीट केली आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत एकेका खुर्चीचे लाखो रुपये झाले. शहराचा नकाशा ओतलेली गटाराची बिडाची झाकणंसुद्धा सोडली नाहीत! २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या सामानाच्या विक्रीला मनाई केली. तोवर व्हायचं ते झालं होतं.

हायकोर्टाच्या कार्यालयांत अजून जुन्या खुर्च्या वापरात दिसतात म्हणे. काळा कोट, खरं का?

काळा_कोट

खरं आहे. एका कार्यालयात वेताची जुनी खुर्ची पाहिली, तिच्यावर फायलींचा ढीग आणि पाठीला टॉवेल. मी शिरस्तेदाराला म्हटलं, साहेब, हिची किंमत माहीत आहे का? तो म्हणाला, "हिचा एक पाय हलतो. नवी मागवलीय, येतच नाही."

इतिहासाचा_किडा

अवांतर, पण संबंध आहे म्हणून लिहितो. हे हायकोर्ट सिमल्याला पीटरहॉफमध्ये असतानाच, १९४९ मध्ये, गांधीहत्या खटल्याचं अपील त्याच्यापुढे चाललं. न्यायमूर्ती भंडारी, अच्छरू राम आणि खोसला यांचं पीठ. नथुराम गोडसेने स्वतः बाजू मांडली. पुण्याची ती सगळी मंडळी तेव्हा सिमल्याच्या तारखा मोजत होती. खोसला पुढे याच चंदीगडच्या इमारतीत मुख्य न्यायमूर्ती झाले. पीटरहॉफ १९८१ मध्ये जळालं, म्हणजे त्या अपिलाची जागा आता उरलेली नाही.

खडूस_पेठकर

इथून पुढे धागा कुठे जाईल हे मला दिसतंय. इमारतीवर बोलू या.

इतिहासाचा_किडा

इमारतीवरच बोलतोय. सिमल्यात कोर्ट उसन्या बंगल्यात होतं. स्वतःसाठी बांधलेली जागा त्याला चंदीगडला मिळाली. त्यामुळे ती १९५५ ची इमारत तिथल्या जुन्या वकिलांना का प्रिय आहे, ते कळतं.

पागोळी

डिसेंबरात जायचं ठरतंय, दिल्लीहून कालका शताब्दीने. बरोबर सासूबाई आहेत, गुडघ्याचा त्रास आहे. पटांगण चालणं जमेल का? आणि आणखी काय जोडून बघता येईल?

मोहालीकर_बंड्या

डिसेंबरात ऊन उलट हवंहवंसं वाटतं, पण सकाळी धुकं असतं. समोरची विधानसभा दिसतसुद्धा नाही. गटाची दुपारची वेळ घ्या. सासूबाईंना सगळं पटांगण चालवू नका, हायकोर्टाच्या बाजूला जेवढं होईल तेवढं पुरे, तिथून स्तंभ आणि उघडा हात दोन्ही दिसतात.

जोडून सेक्टर १९ मधलं ल कॉर्ब्युझिए केंद्र. वास्तुविशारदांचं जुनं कार्यालयच आहे ते, पत्रं आणि नकाशे आहेत, बसायला जागा आहे. सेक्टर ५ मधलं जानरेचं घरही संग्रहालय केलंय. छोटं आणि शांत आहे, सासूबाईंना तेच जास्त आवडेल. सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयांची सुट्टी असते.

जेजेवाली

आणि कोर्टाच्या सुट्ट्या बघून जा. नाताळात हायकोर्ट बंद असतं. गर्दी नसते हे खरं, पण रॅम्पवर कुणी नसताना ती इमारत अर्धीच दिसते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कामाच्या दिवशी जमवा.

पागोळी

पहिल्या आठवड्यातला बुधवार धरते मग. काका, तुमच्यासाठी ओल कुठे आलीय ते बघून येऊ का?

कोबावाला

वरच्या छपराच्या खालच्या अंगाला, कमानींच्या सांध्यांत बघा. काळपट ओघळ दिसले तर ताजे आहेत की वाळलेले, तेवढं सांगा. आणि नवा व्हरांडा उभा राहिला असेल, तर त्याचे खांब जुन्या फरशीत कसे उतरवलेत, त्याचा जमल्यास एक फोटो.